आबांची कडू बीअर

चांगली बीअर प्यायला आबा घाबरायचे. लातूरच्या आमच्या ऑफिसातले ते सगळ्यात जुने कारकून. शनिवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच जण परमिट रूममध्ये बसलो की ते वेटरला सांगायचे, "सगळ्यात स्वस्त असंल ती आण." ती इतकी कडू असायची की पहिल्या घोटालाच त्यांचं तोंड काढा प्यायल्यासारखं व्हायचं. खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर एक बाटली संपवायची आणि उठायचं. आम्ही त्यांना चिक्कू म्हणायचो.

एकदा मी छेडलंच, तर म्हणाले, "कडू हाय म्हणून दुसरी मागावी वाटत न्हाई. चव आवडली की माणूस गेला." त्यांचे थोरले भाऊ हदगावला दारूनं गेले होते. शेवटच्या दिवसांतले त्यांचे पिवळेधमक डोळे आबांनी जवळून पाहिले होते. त्यानंतर आम्ही चिडवणं सोडलं.

मग ती परमिट रूम बंद पडली. तिच्या जागी काचेच्या दारांचं, एसीचं हॉटेल आलं. गव्हाची बीअर, संत्र्याच्या वासाची बीअर. पोरंपोरी आधी ग्लासाचा फोटो काढणार, मग पिणार. माझ्या प्रमोशनची पार्टी एका शनिवारी तिथंच झाली. आबांची स्वस्त बीअर तिथं मिळत नव्हती. त्यांनी गव्हाची मागवली, घोट घेतला आणि थबकले.

"लई ग्वाड लागून राहिली की रे!"

त्यांनी दुसरी मागवली. मग तिसरी. आम्हाला मजा वाटली.

सोमवारी आबा ऑफिसला आले नाहीत. फोन बंद. घरी गेलो तर काकू रडत होत्या. "काल सकाळी उठले, म्हणले, आज पुन्हा तीच प्यावी वाटून राहिली. अन् पिशवी घेऊन गेले. कुठं, ते सांगितलं न्हाई." शहरातला एकेक बार मी पालथा घातला. प्रत्येक दारातून आत डोकावताना वाटायचं, आबा इथं दिसू नयेत. आणि दिसले नाहीत की आणखी धास्ती.

दुपारी काकूंना हदगावहून फोन आला. आबा भावाच्या विधवेकडं गेले होते, एकच गोष्ट विचारायला. परतल्यावर कँटीनमध्ये त्यांनीच मला सांगितलं.

"वहिनीला म्हणलं, दादाचं नेमकं कवापासून बिघडलं? ती म्हणली, कोणती प्यायचे ते मला ठाव न्हाई. पण चौघांत बसायचं सोडलं, अन् दार लावून प्यायला लागले, तवापासून."

रिटायर झाल्यावर आबा चाकूरला लेकीकडं राहायला गेले. आमची बैठकही मोडली. कोणी पुण्याला गेलं, कोणाला डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. जे उरले, ते घरीच कॅन आणून टीव्हीसमोर प्यायला लागले. मीही. गेल्या वर्षी बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. रविवारी भर दुपारी दुसरा कॅन उघडला आणि लहर आली म्हणून आबांना फोन लावला.

"सोबत कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, आबा. मी आणि मॅच!" मी हसलो.

पलीकडं चपला शोधल्याचा आवाज. मग, "थांब. मी येऊन राहिलो."

मला थट्टा वाटली. पण मॅच संपायच्या आत आबा दारात उभे होते. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, धाप लागलेली.

"आबा, एवढ्या उन्हात एसटीनं कशाला आलात?"

"मला लई भ्या वाटलं बघ. तू फोनवर हसलास ना, दादा बी असाच हसायचा. बंद खोलीत, एकटाच."

हातातला कॅन खाली ठेवताना पहिल्यांदाच माझ्या अंगावर काटा आला. क्रिकेटमधलं आबांना ओ का ठो कळत नव्हतं, तरी शेवटच्या चेंडूपर्यंत ते माझ्याशेजारी बसून राहिले. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा गाडीच्या खिडकीतून त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "प्यायची तर पी, पण दार उघडं ठेवत जा."

त्या हिवाळ्यात चाकूरला आबा झोपेतच गेले.

बीअर मी सोडलेली नाही. बायको गावाला गेली की दार सताड उघडं ठेवून बसतो. जिन्यात पाऊल वाजलं की मान वळते. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जातं, आणि मला भीती वाटते.