संकष्टीच्या दिवशी वायनरी

वायनरीत नोकरी लागली त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी माझं तोंड हुंगायची. उघडपणे नाही. मी चपला काढून आत आले की ती काहीतरी निमित्त काढून जवळ यायची. कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची, वेणीत न अडकलेलं कुसळ काढायची, आणि तेवढ्यात हळूच एक श्वास ओढून घ्यायची. मला कळायचं. मीही मुद्दाम "हाऽऽ, दमले बाई आज," असं म्हणून मोठ्ठा श्वास तिच्या तोंडावर सोडायचे. मग तिचा चेहरा सैल पडायचा आणि ती चहा ठेवायला जायची. यावर आम्ही दोघी एकदाही काही बोललो नाही.

तिला तसं कारण होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, टोमॅटोचा टेम्पो चालवायचे. शेताशेतातून क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला पोचवायचे. स्वभावाने मऊ माणूस. मला लहानपणापासून "बाईसाहेब" म्हणायचे, आणि बाईसाहेबांनी रुसावं म्हणून मुद्दाम खोड्या काढायचे. प्यायल्यावरसुद्धा शिवीगाळ नाही, मारहाण नाही. बडीशेप चघळत गुपचूप घरात यायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. सकाळी आईच्या हातून चहाचा कप घेताना म्हणायचे, "सोडली आता." हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की आमच्या घरात 'सोडली' या शब्दाला काही अर्थच उरला नव्हता. मी अकरावीत असताना त्यांच्या पोटात पाणी झालं आणि त्यातच ते गेले.

आई आधी रडली आणि मग चिडली. तिची चीड रडण्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकली. आमचं गाव डिंगोऱ्याच्या पलीकडचं, आणि एसटीच्या थांब्याजवळच देशी दारूचं दुकान. असं दुकान बंद करायचं तर गावातल्या बायकांनी मतदान करायचं असतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. जिने कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं ती माझी आई घरोघर फिरली. पिणाऱ्यांच्या बायकांना भेटली, न पिणाऱ्यांच्याही. नवऱ्याला घाबरणाऱ्यांना सांगितलं, चिठ्ठी कुणाला दिसत नाही, देवाला दिसते आणि तो आपल्या बाजूचा आहे. बाटली आडवी झाली. तेव्हापासून गाव तिला 'आडव्या बाटलीवाली' म्हणायला लागलं. ती लटकं रागवायची, पण तिला ते फार आवडायचं.

आणि अशा बाईची लेक मी, बीए होऊन, ओझरच्या वाटेवर नव्यानेच निघालेल्या एका लहानशा वायनरीत पाहुण्यांना वाईन ओतायला लागले.

मी काही लपवलं नाही. ज्या दिवशी नोकरी नक्की झाली त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी ती बोलेना. मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं तेव्हा म्हणाली, "कर. पर मी तिथं येनार. माज्या डोळ्यानं बघनार, मंग ठरवनार. मला न्हाई पटलं तर त्याच दिशी घरी बसायचं. चालंल?"

मी हो म्हणाले. ती म्हणते ते करते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, मला तर होतंच.

ती येईल येईल म्हणता म्हणता मी त्या कामात पुरती गुंतले. शनिवार-रविवार पुण्यामुंबईच्या गाड्या यायच्या. मी त्यांना आधी वेलींमधून फिरवायचे. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं असतं. पाहुणे हौसेने तोडून तोंडात टाकायचे आणि तोंड वाकडं करायचे. मग स्टीलच्या टाक्या, मग लाकडी पिंपं, मग बाटल्यांची थंड खोली आणि शेवटी चव घ्यायची खोली. वायनरीच्या मालकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, माझ्याकडून इंग्रजी भाषण पाठ करून घेतलं होतं. त्यात एक वाक्य असं की या वाईनला गूसबेरीचा वास आहे. गूसबेरी मी जन्मात पाहिली नव्हती, पण सांगायचे अशा थाटात, की जणू ती आमच्या बांधावरच लागते. पाहुणेही डोळे मिटून मान डोलवायचे. त्यांनी तरी कुठे पाहिली होती!

पण मला ते बोलणं आवडायला लागलं होतं, हे खरं. आपण उभं राहून काही सांगावं आणि वीस माणसांनी ऐकून घ्यावं, हे माझ्या आयुष्यात त्याआधी कधी घडलं नव्हतं. आईने नको म्हटलं असतं तर मी घरी बसले असते. आणि मनातल्या मनात झुरले असते.

मग एका संकष्टीला आई आली. एकटी नाही. बचत गटाच्या बायका जीप करून ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेल्या होत्या. परतताना जीप सरळ आमच्या फाटकातून आत. वॉचमन धावत माझ्याकडे आला. "ताई, तुमच्या गावच्या बाया आल्यात. आडव्या बाटलीवाल्या. मोर्चा हाय का काय?"

साहेबांना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "मग दाखव की नेहमीसारखं." आणि स्वतः केबिनचं दार लावून बसले. मोठा शूर माणूस.

सगळ्या जणी जीपमधून उतरल्या. कपाळाला शेंदूर, हातात प्रसादाच्या पिशव्या, पोटात उपास. यांतल्या प्रत्येकीने आडव्या बाटलीला मत दिलेलं. आई सगळ्यांत मागे होती. तिने माझ्या अंगावरचा काळा एप्रन वरून खालपर्यंत बघितला.

मी पहिल्यांदाच ते सगळं मराठीतून सांगत होते. वेलींमध्ये काही अडचण आली नाही, तिथे त्याच मला शिकवत होत्या. टाक्यांपाशी एकीने कान लावून बघितला आणि म्हणाली, "आत काय तरी बोलतंय गं." मी सांगितलं, आंबतंय ते. "मंग इडलीच्या पिठावानीच की," ती म्हणाली. मला हायसं वाटलं.

बाटल्यांच्या खोलीत शिरलो आणि पुढची बाई थबकली. लाकडी मांडणीवर खालपासून वरपर्यंत बाटल्या रचलेल्या, सगळ्या आडव्या.

"अगं बया! हितं तर समद्या आडव्याच हायत!"

"आपल्या आदीच कुनीतरी मतदान करून गेलंय!"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकीला तर दाराचा आधार घेऊन उभं राहावं लागलं. मीही हसले, मला आवरलंच नाही. आईने मात्र विचारलं, "आडव्या का ठेवत्यात?"

मी सांगितलं, तोंडाला बूच असतं, बाटली उभी ठेवली तर ते वाळतं आणि आत हवा शिरते. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं आणि वाईन टिकते.

"म्हंजी आडवी केली तरी टिकतीच," आई म्हणाली आणि पुढे चालू लागली. माझं हसू तिथेच विरलं.

चव घ्यायच्या खोलीत मी साधा द्राक्षाचा रस काढून ठेवला होता. त्या ऐकेनात. "पुन्या-मुंबईच्या लोकास्नी जे दावती तेच आमास्नी दाव. आमी काय कमी हाय व्हय?" पण उपास होता. मग वाद सुरू झाला. एक म्हणाली, द्राक्षं उपासाला चालत्यात, मंग ही का न्हाई? दुसरी म्हणाली, साधी जवारीबी चालत न्हाई, आन् हेच्यात तर काय काय असंल गणपतीलाच ठावं. शेवटी वयाने सगळ्यांत मोठ्या काकींनी निवाडा दिला. प्यायची नाही, नुसता वास घ्यायचा. वासाने उपास मोडत नाही. मोडला असता तर शेजारच्या घरी कांदा परतताना रोजच मोडला असता.

मी पांढरी ओतली. ग्लास कसा फिरवायचा ते दाखवलं. त्यांनी तो परातीत तांदूळ फिरवावेत तसा फिरवला.

"ढोबळी मिरची चिरल्यावानी येतंय."

"न्हाई गं, लसूनघासाचा भारा सोडल्यावानी."

लाल वाईन नाकाशी नेल्यावर घाटघरचं माहेर असलेल्या एकीने डोळे मिटले. मग म्हणाली, "करवंद. पिकून फुटल्यालं. आमच्या डोंगराला बसलं की असाच वास येतो." तिने ग्लास खाली ठेवलाच नाही, हातात घेऊन बसली. गूसबेरी मात्र कुणालाच सापडली नाही. मी मनातल्या मनात ते भाषण तिथेच फाडून टाकलं.

इतका वेळ आई भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. "मला दे."

मी लाल वाईनचा ग्लास तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. नाक खाली नेलं आणि बराच वेळ तशीच राहिली. हिने त्या वासापायी किती रात्री जागून काढल्या होत्या ते मला माहीत होतं, आणि आज तो वास तिच्या हातात मीच दिला होता.

"तो वास न्हाई ह्यात," ती म्हणाली. मग पुन्हा हुंगलं. "हाय. पार खाली हाय. पर हाय."

तिने ग्लास टेबलावर ठेवला. "तू पितीस का?"

"चव घ्यावी लागते, आई. चवच माहीत नसेल तर पाहुण्यांना काय सांगू? पण गिळत नाही मी. यात थुंकते." टेबलावर त्यासाठी स्टीलचं एक भांडं असायचं, ते मी तिच्यापुढे सरकवलं.

"दाव."

आठ बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी एक घोट घेतला, जिभेवरून, गालांतून फिरवला आणि भांड्यात थुंकला. पान खाल्ल्यासारखं दिसतंय, असं कुणीतरी म्हणालं. आईने वाकून भांड्यात बघितलं, मग मला तोंड उघडायला लावलं. लहानपणी मी माती खाल्ली की बघायची, अगदी तसं. मग सरळ उभी राहिली.

"गिळू वाटत न्हाई?"

तिला काय ऐकायचंय ते मला पक्कं माहीत होतं. 'छे' एवढं एक अक्षर पुरलं असतं. नोकरी राहिली असती, आई निवांत झाली असती, बायका चहा पिऊन घरी गेल्या असत्या. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की माझ्या तोंडून ते अक्षर निघेना.

"वाटतं," मी म्हणाले. "रोज नाही. एखादी फार चांगली जमलेली असते, तेव्हा वाटतं. तरी थुंकते मी."

"अगं बया," कुणीतरी म्हणालं. काकींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, संपलं. मी मागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडलीसुद्धा.

आई बाकावर बसली. अण्णांविषयी ती कधी कुणासमोर बोलायची नाही, मतदानाच्या वेळीसुद्धा तिने त्यांचा उल्लेख केला नव्हता. आता सगळ्यांसमोर म्हणाली, "तुजा बाप कदी असं म्हनला न्हाई. मी लई येळा इचारलं. मी इचारलं की म्हनायचा, छ्या, मला कुठं काय वाटतंय? आन् जायचा. येकदा जरी म्हनला असता, वाटतंय गं, लई वाटतंय, तर मी काय रागावले असते व्हय? त्येच्यापाशी बसले असते. त्यो म्हनंल तवर बसले असते."

घाटघरच्या बाईने हातातला ग्लास हळूच टेबलावर ठेवला. मला जवळ जाऊन आईला मिठी मारावीशी वाटत होती, पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी नुसती उभी राहिले.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि उठली. "चला गं. चंद्र उगवायच्या आदी सैपाक व्हायला पायजे." बायका पिशव्या गोळा करू लागल्या. मी त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेले. नोकरीचं काय ठरलं ते विचारायचा मला धीर होईना.

आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. जीप सुरू झाली तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझी सुटलेली एप्रनची गाठ दाखवली.

"ती नीट बांध. कामावर हायस," ती म्हणाली. "आन् ज्या दिशी वाटंल ना, त्या दिशी घरी येऊन मला सांगायचं. मी बसंन तुज्यापाशी."