आष्टीच्या अंगणातलं वाचन

माझी बायको प्रेमकथा लिहिते. तिच्या नव्या कादंबरीतली नायिका बऱ्याच वर्षांनी गावी परतते आणि तिथे तिला जुना मित्र भेटतो. हस्तलिखित टाइप करताना मी एक पान गाळलं. दारात आई लेकीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते, एवढंच त्या पानावर होतं. वाचकाला नायक लवकर भेटावा, असं मला वाटलं. बायकोने माझ्यावर भरवसा ठेवून पुस्तक तसंच छापू दिलं.

उन्हाळ्यात तिच्या माहेरी, आष्टीला, अंगणात कुरडया घालताना तिच्या चुलतीने ते मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्याच प्रकरणात ती थांबली.

"अगं, लेक इतक्या वर्षांनी आली अन् तुकडा न्हाई ओवाळला? माय सावत्र हाये का हिची?"

कुरडया घालणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. बायको मान खाली घालून साचा फिरवत राहिली. तिने माझं नाव घेतलं नाही, आणि तेच मला सोसेना.

"ते पान मी काढलं," मी म्हणालो.

"जावईबापू, तुम्ही लग्नाला आल्ते तवा तुमच्यावरून ओवाळला होता ना? मंग?"

मग चुलती बायकोकडे वळली.

"जाऊ द्या. तूच सांग गं, काय लिहिलं होतंस."

बायकोने हात पुसले आणि ते अख्खं पान तोंडपाठ सांगितलं. हळूहळू सगळ्यांचे हात थांबले. तिची आई पदराने डोळे टिपू लागली. ही माझी बायको, असं कुणाला तरी सांगावंसं मला फार वाटलं; पण त्या अंगणात ती आधी त्यांची लेक होती.