आतून पाहणारी बाई

माणसाची पारख कपड्यांवरून करू नये, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्यातल्या कुणी शिलाई मशीन चालवल्याचं ऐकिवात नाही. शेलूबाजारच्या सुखदेवभाऊ टेलरांनी मात्र ते जन्मभर चालवलं आणि माणसांची पारख कपड्यांवरूनच केली, तीही कपडा उलटा करून.

दुकानात गेलं की ते आधी कॉलर उलटवून पाहत, मग ‘बसा’ म्हणत. माझे वाशीमचे रेडिमेड शर्ट पाहून म्हणत, “सर, बाहेरून कोनीबी पाह्यते. आतून पाह्यनारा पाह्यजे.” वीस वर्षं हे ऐकून मी शर्ट बदलले नाहीत, त्यांच्या दुकानावरून जाणं तेवढं कमी केलं.

नवरदेवाचे निळे कोट ही त्यांची खासियत. पण गिऱ्हाईक आटत गेलं. त्यांचा मुलगा मिलिंद, त्यानंही स्वतःच्या लग्नात रेडिमेड कोट घातला. पुढे मिलिंद नोकरीनिमित्त व्हिएन्नात राहू लागला आणि त्यानं वडिलांना बोलावलं, तेव्हा भाऊंनी पहिल्यांदाच स्वतःच्या मापाचा कोट बेतला. अस्तर तीनदा उसवलं. “तिकडचे लोक कोटातलेच. त्यांले समजते,” म्हणाले.

परत आले ते थकूनच. ऑपेरा झाला, असं त्यांनी सांगितल्यामुळे शेजारचे दोघे शहाळी घेऊन आले आणि टाके कुठे पडलेत ते विचारू लागले. भाऊंनी शहाळी ठेवून घेतली.

मिलिंदनं त्यांना तिकडचं संगीत नाटक दाखवायला नेलं होतं; मला त्यांनी सगळं सांगितलं. बायांच्या पाठीला कापड पुरलं नव्हतं. एक पोरगा गुडघ्यावर फाटलेली पँट घालून आला होता आणि त्याला कोणी हटकलं नाही. वाजवणाऱ्यांच्या म्होरक्याचा कोट पुढून आखूड, मागून गुडघ्यापर्यंत. कापणाऱ्याचं लक्ष नसावं. “अन् ते बाई मरता मरता अर्धा घंटा गायली, सर. इतक्या वेळात आपल्या इथं डॉक्टर येते.”

पण कोट? कोट कोणी पाहिलाच नाही. दाराशी लोक ओव्हरकोट जमा करत होते. मिलिंद हात धुवायला गेलेला. विहाराबाहेर चपला काढतो तसा रिवाज असेल, असं समजून भाऊंनी अंगातला कोट काढून काउंटरवरच्या बाईला दिला आणि तीन तास नुसत्या शर्टावर बसले.

“वाईट वाटलं?” मी विचारलं.

“कायले? तिनं कोट उलटा केला, सर. मानेपासून सारं अस्तर पाह्यलं. काही बोलली बी. तेवढ्यात मिलिंद आला, त्याले इचारलं. म्हने, असं काम आता पाह्यले भेटत नाही.” मग म्हणाले, “भेटली एक.”

त्यानंतर त्यांनी माझी कॉलर उलटवणं सोडून दिलं.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. मिलिंद आला होता. दुकान आवरताना तो कोट हातात घेऊन बराच वेळ बसला. ती बाई नेमकं काय म्हणाली होती, असं मी सहज विचारलं.

तो कोटाच्या मानेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “खुंटीला अडकवायचा बंद नाही म्हणाली. खाली पडला तर आमची जबाबदारी नाही.”