एक बेल की दोन

शलाका बूट घालूनच स्वयंपाकघरात आली, तेव्हाच मला कळलं. माझ्या सुनेने इतक्या वर्षांत कधी बूट दाराच्या आत आणले नव्हते. मी मेथी निवडत बसले होते. हॉस्पिटलमधून महेशचा, माझ्या मुलाचा, फोन तिला गाडीतच आला असणार. तिच्या बुटांना ओली पिवळी पानं चिकटली होती, मी त्यांच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "आई, अण्णा..." आणि पुढचं तिला मराठीत सापडेना, इंग्रजीत सांगवेना. मी निवडलेली मेथी आणि न निवडलेली मेथी एकाच भांड्यात टाकली आणि हात धुतले.

त्याला आता दीड महिना होत आला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पत्रं सोडली तर मी कधी काही लिहिलेलं नाही, आणि चार माणसांत बोलायला मला जमत नाही. भेटायला लोक आले, काका फार मजेशीर होते म्हणाले, मी नुसती मान हलवली. तेव्हा सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे. यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, म्हणून 'हे' असंच लिहीन.

हे एसटीवर कंडक्टर होते, कराडला. तेव्हा गाडीच्या छताला बेलची दोरी असायची. एकदा ओढली की ड्रायव्हरने थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. रिटायर झाले तरी यांची बोटं रिटायर झाली नाहीत. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, महेशच्या गाडीत हे पुढे बसत, मी मागे. पट्टा लावून झाला की हे समोर डॅशबोर्डवर दोनदा टकटक करत, आणि महेश त्याशिवाय गाडी हलवत नसे. "अण्णा, डबल द्या," म्हणायचा. विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्या घरावरून सारखी विमानं जातात. हे घरामागच्या लाकडी डेकवर चहा घेत वर बघायचे आणि म्हणायचे, "ह्याला डबल कोणी दिली रे?" रोजचा तोच विनोद, आणि महेश रोज हसायचा. चालताना मात्र हे कायम पुढे. लग्न झाल्यापासून मी यांच्या टाचा बघत चालले. टाचा वळल्या की मी वळायची, कुठलाच रस्ता मला कधी लक्षात ठेवावा लागला नाही. माझी नणंद यांना चिडवायची, "दादा, गाडीत सगळ्यांना ओरडतोस पुढे सरका, पुढे जागा आहे, आणि वहिनीला तेवढी मागे ठेवतोस." हे म्हणायचे, "पुढे खड्डे असतात."

यंदा उन्हाळा संपता संपता महेश ऑफिसच्या कामाला लिस्बनला गेला होता. तिथून त्याने आमची तिकिटं काढली. "आई, अण्णा, तुम्ही पण या यार, चार दिवस राहू आणि एकत्र परत येऊ." यांना तेव्हा जिना चढताना दम लागायला लागला होता. हे म्हणायचे गॅस आहे, ओवा दे. मी ओवा द्यायची.

विमानतळावर माझ्या नावाने व्हीलचेअर सांगितलेली असते. माझे पाय तसे बरे आहेत, पण ढकलणारा माणूस बरोबर असला की बोर्ड वाचावे लागत नाहीत, वाट चुकत नाही. इथे येणारे बरेच आईवडील असंच करतात. मी त्या खुर्चीत अंग चोरून बसायची आणि हे खुर्चीच्या पुढे चालायचे, जसं काही त्या माणसाला वाट हेच दाखवत आहेत. लिस्बनला उतरलो तेव्हा विमानाच्या दाराशी एक मुलगी खुर्ची घेऊन उभी होती. मी बसायला वळले, तर यांनी खुर्चीची पाठ धरली.

"थांब. मी बसतो."

"अहो, नाव माझं आहे."

"नाव असू दे. तिकीट फाडलंय ना? मग सीट रिकामी कशाला न्यायची?"

मला हसू आलं. ती मुलगीही काही न कळता हसली. मग यांनी खुर्चीच्या हातांवर हात ठेवले आणि मला यांची नखं दिसली. जांभळट झाली होती. विमानात गारठा होता म्हणून असतील, असं मी मनाशी म्हटलं. लांबच लांब रस्ता होता, पायाखाली सरकणारे पट्टे होते, माणसं दोन्ही बाजूंनी पुढे जात होती. मी खुर्चीच्या बाजूने चालत होते आणि मला कसंतरीच होत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की समोर टाचा नाहीत.

महेशने पाठवलेल्या गाडीने आम्हाला चढाच्या खाली सोडलं, वरच्या बोळात गाडी जात नव्हती. ते गाव सगळं चढाचंच. रस्त्याला बारीक गुळगुळीत दगड बसवलेले, त्यावर बॅगेची चाकं इतकी खडखड वाजत होती की लोक खिडकीतून बघतील असं मला वाटत होतं. बॅग मी घेतली होती, यांनी दिली. हे प्रत्येक घरापुढे थांबत होते. "बघ, ह्यांनी भिंतीला बाहेरून फरशी लावलीय." थोडं पुढे गेलं की परत, "ही बघ, ही निळी." यांना घरं बघायची हौस कधीच नव्हती. कराडला आमच्या समोरच्या घराचा रंग बदलला, तो यांना वर्षाने कळला होता. मी प्रत्येक वेळी फरशीकडे न बघता यांच्या गळ्याकडे बघत होते. गळ्याच्या खाली खड्डा पडत होता आणि भरत होता.

हॉटेलच्या बाईने तीन बोटं दाखवली. खोली दुपारी तीनला मिळणार होती. बॅग तिच्याकडे ठेवली. महेश ऑफिस सुटल्यावर येणार होता. मी म्हटलं, इथेच बसू. पण खाली रुळावरून पिवळी ट्रॅम गेली, एकाच डब्याची, लाकडी खिडक्यांची, आणि तिची घंटा वाजली. हे उभे राहिले. "चल, एक फेरी मारू. हिच्यात कंडक्टर आहे का बघू."

थांब्यावर माणसं बरीच होती. ट्रॅम आली, दार ड्रायव्हरपाशी होतं. एरवी हे आधी चढून मला वरून हात देत. त्या दिवशी यांनी माझ्या पाठीला हात लावला आणि म्हणाले, "हो पुढे. पुढे सरक, पुढे जागा आहे." मी चढले. महेशने गाडीवाल्याबरोबर पाठवलेलं कार्ड लावलं, आत सरकले. जागा होती, बसायलासुद्धा होती. मागे वळून बघितलं तर यांच्याऐवजी दुसराच कोणी बाप्या माझ्यामागे होता. दार लागलं. ट्रॅम हलली. खिडकीतून मला हे दिसले, खांबाला एका हाताने धरून उभे. दुसरा हात वर होता. दोरी ओढतात तसा तो हात खाली आला... आणि ट्रॅम वळली.

एकदा आला की दोनदा, ते मला दिसलं नाही. म्हणजे दिसलं असेल, पण कळलं नाही.

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. हातातल्या बांगडीने मी तिथला लोखंडी दांडा एकदा वाजवला. एकदाच, थांब म्हणून. कोणाला काय कळणार. पण माझ्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात लांबवून लाल बटण दाबलं. पुढच्या थांब्यावर मी उतरले. कुठला रस्ता, कुठली गल्ली, काही माहीत नव्हतं. पण रूळ होते. रुळांना धरून उलटी चालायला लागले. एका ठिकाणी रूळ दोन बाजूंना फुटत होते. तिथे मी थांबले, आणि जिकडे उतार होता तिकडे गेले, कारण ट्रॅम चढून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या मनाने वळले. त्यात मला आनंद काही झाला नाही. हे तिथे नसतील, एवढंच डोक्यात होतं.

हे एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. शेजारी कोणीतरी पाण्याचा ग्लास ठेवला होता, तो भरलेलाच. हवा गार होती आणि यांच्या कपाळावर घाम होता.

"आलीस?"

"चढला का नाहीत?"

"गाडी भरली होती."

"भरली नव्हती. जागा होती आत."

"मग बसून का नाही गेलीस? फुकटचं कार्ड होतं."

मी यांच्या शेजारी बसले. घाम पुसायला रुमाल दिला. "हात वर केला होतात. एक दिलीत की दोन?"

हे माझ्याकडे बघून हसले. दात दिसले, पण ओठ पांढरे होते. "कंडक्टरच्या बायकोने हे विचारायचं?"

संध्याकाळी महेश आला तेव्हा यांनी त्याला आधी हेच सांगितलं. "तुझी आई आज एकटी ट्रॅममधून जाऊन आली."

"आई? सिरियसली?"

"रुळावरून परत आली. कोणाला विचारलं नाही."

फोनवर शलाकालाही सांगितलं. दोनदा सांगितलं. जेवले मात्र दोन घास. खोली वरच्या मजल्यावर होती, खालून ट्रॅम गेली की घंटा ऐकू यायची, आणि दर वेळी हे बोलता बोलता गप्प व्हायचे, मान जरा वर करून. पुढचे दिवस हे खोलीतच होते. "तुम्ही दोघं जाऊन या," म्हणायचे. महेशला वाटलं प्रवासाचा थकवा आहे. मी आणि महेश समुद्र बघून आलो, किल्ला बघून आलो. कुठल्या वाटेने गेलो ते मला आजही सांगता येईल.

परत आल्यावर डॉक्टर झाले, हॉस्पिटल झालं. हृदय पार थकलेलं होतं. डॉक्टर महेशला म्हणाले, हे आजचं नाही, कधीपासूनचं आहे. म्हणजे त्या पायरीवरही होतं. यांना ते ठाऊक होतं का, हे महेशला माहीत नाही. मी शेवटच्या दिवसांत विचारणार होते. यांच्या तोंडावर मास्क होता, आणि खोलीत सारखं कोणीतरी असायचं, आणि मी लाजले.

त्या एकाच गोष्टीवर माझं मन अडकून आहे. यांनी एक दिली असेल, तर हे मला थांबवत होते, पाय उचलत नव्हता, आणि मी यांना रस्त्यावर टाकून पुढे गेले. दोन दिल्या असतील, तर हे मला मुद्दाम पाठवत होते, मला एकटीला जमतं का ते बघत होते. भांडी घासताना मला तो हात दिसतो. कधी एकदा खाली येतो, कधी दोनदा.

गाडीत मी अजूनही मागेच बसत होते. पुढची सीट तशीच ठेवायची, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण तसं झालं होतं. काल शलाका महेशची गाडी घेऊन यांचे कपडे दान द्यायला निघाली. मी म्हटलं, मीही येते. घड्या माझ्या हातच्या होत्या. बाहेर येऊन बघते तर मागची सीट खोक्यांनी भरलेली. मी दाराशी उभी राहिले. शलाकाने पलीकडून वाकून बघितलं. "आई, पुढे बसा ना," ती म्हणाली, "पुढे जागा आहे."

ती सहज म्हणाली, तिला काय माहीत.

मी पुढे बसले. सीट यांच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती, माझे पाय नीट टेकत नव्हते. पट्टा लावला. शलाकाने गाडी चालू केली. मी हात पुढे केला आणि डॅशबोर्डवर एकदा वाजवलं.

गाडी जरा हलली होती, ती थांबली. शलाका माझ्याकडे बघत होती. तिने ब्रेक तसाच दाबून ठेवला. मागे खोकी होती. माझं बोट तिथेच होतं... बराच वेळ होतं.

मग मी दुसरी दिली.