अबूधाबीला गेलेली माझी बरणी

शारजाच्या विमानतळावर अमोलने वाकून नमस्कार केला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. देवरुखला असताना दिवाळीच्या दिवशीसुद्धा या मुलाला दोनदा सांगावं लागायचं. शिवाय पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलेला.

"बारीक झालास," मी म्हटलं.

"जिम लावलीय, आई," तो म्हणाला आणि घाईघाईने माझ्या बॅगा उचलायला लागला.

शारजाहून अबूधाबीपर्यंतचा रस्ता सरळसोट. आधी इमारतींची दाटी, मग वाळू, मग पुन्हा इमारती. वाटेत एका टपरीसमोर गाडी थांबली. तिथे कुणी खाली उतरत नाही, चहाच चालत तुमच्याकडे येतो. करक (दाट, वेलचीचा दुधाचा चहा) घेऊन आलेल्या केरळी माणसाने मला विचारलं, "अम्मा, चीनी ठीक है?" मी एक घोट घेऊन मान हलवली. मागच्या गाडीवाल्याने 'यल्ला, यल्ला' (चला, चला) म्हणत भोंगा वाजवला आणि आम्ही निघालो. चहा उत्तम होता, पण माझं लक्ष अमोलच्या मनगटावर होतं. घड्याळ पार कोपराकडे सरकत होतं.

अल रीम बेटावर तो तेविसाव्या मजल्यावर राहतो. काचेतून समुद्र दिसतो, मात्र खिडकी उघडत नाही. मी हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात गेले.

"आई, फ्रीज राहू दे, आधी फ्रेश हो," तो म्हणाला. असं म्हटल्यावर कुठली आई फ्रीज उघडणार नाही?

आत माझी बरणी होती. झाकणावर मी स्वतः लावलेला निळ्या रंगाचा ठिपका होता, म्हणजे चूक होणं शक्य नाही. गेल्या मे महिन्यात तिच्यातून दोन किलो कैरीचं लोणचं पाठवलं होतं. झाकण फिरवलं तर लसणाचा आणि आंबूस असा भपकारा आला. आत लालभडक कोबी!

"ही किमची आहे," अमोल म्हणाला, "कोरियन लोकांचं लोणचं. खाली यून आंटींचं छोटं हॉटेल आहे, त्यांनी दिली."

"आणि माझं लोणचं?"

"संपलं."

"दोन किलो?"

"उद्या आपण त्यांच्याकडेच जेवायला जाऊ," तो म्हणाला आणि त्याने माझ्या बॅगा आत नेऊन ठेवल्या.

ती रात्र मी कूस बदलत काढली. मला राग कोबीचा नव्हता. माझ्या मुलाला दुसरीच कुणी बाई जेवू घालत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे मला सलत होतं. त्याने माझं लोणचं फेकून तर दिलं नसेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली उतरलो. हॉटेल म्हणजे सहा टेबलं. यून आंटी माझ्याच वयाच्या, आखूड केसांच्या, हातात गुलाबी रबरी मोजे. मी शाकाहारी आहे आणि किमचीत मासळीचा रस घालतात, हे मी सकाळीच अमोलकडून वदवून घेतलं होतं. मी बसायच्या आत त्या म्हणाल्या, "मदर, नो फिश. आय मेक सेपरेट. फिश खलास." एवढं आपणहून सांगतायत म्हटल्यावर माझा संशय दुणावला.

मग वाट्या यायला लागल्या. आपल्या ताटाची डावी बाजूच फुगून टेबलभर पसरावी, तशा. बेचू (कोबीची), काक्दुगी (मुळ्याच्या चौकोनी फोडींची), ओई सोबागी (भरल्या काकडीची), दोंगचिमी (मुळ्याची, पांढऱ्या पाण्यातली). किमचीच चार तऱ्हांची. जॉन (भाज्या घातलेलं घावन) आलं. दगडाच्या तापल्या भांड्यात चुरचुरणारा बिबिम्बाप (भाज्या कालवून खायचा भात) आला. आंटींनी कात्री काढली आणि कोबीची पानं कराकरा कापली. शिंपी कापड कापतो तशी भाजी कापलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मी घावनाचा तुकडा मोडला. चांगलं होतं, कबूल. मुळ्याची फोड चाखली आणि नाकातून धूर निघाला, पण हात पुन्हा तिकडेच गेला. कोबीला मात्र मी शिवले नाही.

आंटी लांबून बघत होत्या. आत जाऊन त्या एक वाडगं घेऊन आल्या आणि त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. पांढरी, मऊ, वाफाळती. मी चमचा फिरवला.

"ही तर पेज!"

"जुक," त्या म्हणाल्या. "सन सिक, थ्री वीक. एव्हरी डे, दिस."

मी अमोलकडे पाहिलं. तो मिठाच्या डबीशी खेळत होता.

"टायफॉइड झाला होता, श्रावणात," तो हळूच म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर तू बाबांना एकटं टाकून धावत आली असतीस."

श्रावणात तीन आठवडे त्याचा चेहरा दिसला नव्हता, नुसता आवाज यायचा. 'इथे व्हिडिओ लागत नाही, आई.' तेव्हाही मला शंका आली होती, पण मी ती गिळली.

"आणि तापात लोणचं खाल्लंस, मूर्खा?"

"मी कुठे खाल्लं? आंटी रोज पेज वर आणून द्यायच्या. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे तूच शिकवलंस ना? माझ्याकडे दुसरं काय होतं? रोज वाडग्यात चार फोडी घालून परत द्यायचो. शेवटी बरणीच दिली. तर त्यांनी ती भरून पाठवली."

"वी आल्सो," आंटी म्हणाल्या. "एम्प्टी, नो गुड." मग त्या हसल्या. "युवर पिकल, फर्स्ट डे, आय थिंक मशीन ऑइल. नाऊ, विदाऊट पिकल, नो राइस."

म्हणजे संशय दोन्हीकडून होता! मी डोळे पुसले आणि कोबीचं सगळ्यात मोठं पान उचलून तोंडात घातलं. आंबट, तिखट, करकरीत. लसूण जरा जास्त आहे, असं माझं आजही मत आहे. पेजेसोबत मात्र फार छान लागतं. वाडग्यावर बोट ठेवून मी त्यांना शब्द शिकवला, पेज. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला.

पंधरा दिवसांनी मी परतले तेव्हा बरणी बॅगेत होती, ताज्या किमचीने भरलेली, सात पिशव्यांत गुंडाळलेली. देवरुखला झाकण उघडताच आमच्या ह्यांनी नाकाला पंचा लावला आणि विचारलं, "हे काय कुजलंय?" चार दिवसांनी मीच त्यांच्या हातातून बरणी काढून घेतली, नाहीतर तळ दिसला असता.

आता ती धुऊन उन्हात ठेवली आहे. कैऱ्या उतरल्या की पुन्हा भरेन, पण यंदा ती थेट आंटींच्या नावाने जाईल. अमोलसाठी दुसरी आणली आहे.

अमोल फोनवर रोज सांगतो, "मी बरा आहे, आई." मी "हो" म्हणते, फोन ठेवते आणि आंटींना मेसेजवर माझा आवाज पाठवते, एकच शब्द.

"पेज?"

थोड्या वेळाने त्यांचं उत्तर येतं. "नो पेज, मदर. पेज खलास."

मग मी निवांत जेवायला बसते.