सहावा टेक

फिल्म दोघांची होती, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलाची आणि त्याच्या वर्गातल्या मैत्रिणीची. आईचं काम बाईनेच करायचं होतं. मुलगा अपघातात गेल्याचं कळतं आणि ती कोसळते, एवढाच सीन. सकाळपासून पाच टेक झाले, पण डोळ्यांत टिपूस नाही.

“काकू, मुलगा गेलाय. तुम्ही तर शिवण उसवल्यासारखं बघताय,” मैत्रीण वैतागली. संध्याकाळी कॅमेरा कॉलेजात परत करायचा होता.

मुलगा बॅटरी आणायला खाली गेला. दाराशेजारी स्टँडवर कॅमेरा चालूच राहिला. थोड्या वेळाने मैत्रीण फोन कानाला लावून आत आली. चेहरा पांढराफटक.

“काकू, त्याला ट्रकने उडवलं. कोपऱ्यावरच.”

बाईच्या हातातली कात्री गळून पडली. ती किंचाळत अनवाणीच दाराकडे धावली.

दारात मुलगाच उभा होता. कानांवर हेडफोन. तो तिला हाताने मागे, कॅमेऱ्यासमोर व्हायला खुणावत होता.

“एक नंबर, काकू!” मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या.

बाई मुलाचं डोकं, मान, खांदे चाचपत राहिली. “लागलं नाही ना रे कुठे?”

“नाही गं. पण आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबायचंच राहिलं. अजून एकदा करशील? अगदी तस्संच.”

“तुला माहीत होतं?”

“त्याशिवाय तू रडली असतीस का?”

ती मशीनपाशी जाऊन बसली. समोर उभ्या असलेल्या मुलाकडे तिने पाहिलं. बघता बघता तिचे डोळे वाहू लागले.

मुलाने खूश होऊन अंगठा वर केला.