भागाबाईंचं टेनिस

रघुनाथचा फोन सकाळी आला तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. "बाई, आई गेली..." एवढंच तो बोलला. चहा उतू गेला, मग तो पुसत बसले, तेवढंच हाताला काम. त्याला आता सव्वा महिना झाला. रघुनाथची आई भागाबाई, म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या शेजारीण, वय सत्तरीचं, आणि माझ्या पाहण्यातली टेनिसची सगळ्यांत मोठी खेळाडू. हसू नका. खरी रॅकेट त्यांनी जन्मात हातात धरली नाही. पण तळहाताएवढ्या व्हिडिओ गेमवर त्यांनी मला इतक्या वर्षांत एकदाही जिंकू दिलं नाही.

आमची ओळख टँकरच्या रांगेतली. दुष्काळाची वर्षं होती. पैठण रस्त्याला शेतं मोडून इमारती उठत होत्या, घरोघर चकचकीत नळ बसत होते आणि नळाला पाणी तेवढं नव्हतं. मी निवृत्त कारकून, जन्मभर कचेरीत कागदाला कागद जुळवलेली, त्यामुळे रांगेतल्या घागरीसुद्धा सरळ लावायला सांगायची. मागून आवाज आला, "बाई, डावा गुडघा दुखतोय ना तुमचा? पाय घासू लागलात." माणूस चालीवरून ओळखायची ही त्यांची सवय मेंढ्यांमागं हिंडून आलेली. फुलंब्रीकडच्या धनगराच्या घरातल्या त्या. चारा संपला तसा कळप विकावा लागला, सात मेंढ्या तेवढ्या भावाकडं ठेवल्या आणि त्या चितेगावच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाकडं, रघुनाथकडं, राहायला आल्या. दर रविवारी मात्र एकट्या एसटीनं फुलंब्रीला जायच्या, मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवून संध्याकाळी परत. त्या एका दिवसाच्या जोरावर त्यांचा आठवडा निघायचा.

गेम माझा. 'आई, डोकं तल्लख राहतं,' म्हणून पुण्याच्या लेकीनं पाठवलेला. एका दुपारी भागाबाई शेजारी येऊन बसल्या, जरा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणा इकडं." त्यातली मॅच त्यांना मुळीच पटली नाही. "ह्या बाबानं माझं काय वाकडं केलंय? त्याला कशापायी हरवू?" पण मॅचशिवाय त्यात छोटे छोटे खेळही होते. त्यातल्या एकात कधी डावीकडून, कधी उजवीकडून चेंडू सुटतो आणि तो परतवायचा. तीन हुकले की खेळ संपला. हा मात्र त्यांना जवळचा वाटला. "सुटलेलं माघारी वळवायचं, एवढंच ना? जन्म गेला त्यात." मी डोळे फाडफाडून बघायची आणि चाळीस चेंडूंतच गारद व्हायची. त्या मान तिरकी करून, नजर भलतीकडेच लावून दोनशेच्या पुढं जायच्या. कसं जमतं विचारलं तर म्हणायच्या, "एकेक मेंढरू बघत बसलं की कळप हुकतो, बाई." मला ते फार थोर वाटायचं. लेकीला फोनवर ऐकवलंसुद्धा.

मग वरच्या मजल्यावरच्या मुलीची दहावीची परीक्षा आली. तिच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून मी शहाणपणा करून आवाज बंद केला आणि गेम भागाबाईंच्या हातात दिला. पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. त्या आपल्या बटणावर बोट ठेवून तशाच बसलेल्या. "सुरू झालं का?" त्यांनी विचारलं... त्यांच्या तोंडासमोर मी तीन बोटं धरली आणि किती ते विचारलं. "पोरखेळ करू नका, बाई," त्या आधी चिडल्या. मग हळूच म्हणाल्या, "मधलं समदं पुसल्यावाणी झालंय. कडंकडंचं दिसतं. वरीस होत आलं." डावीकडच्या चेंडूचा आवाज जाड, उजवीकडच्याचा बारीक; कोणत्या बाजूनं सुटला ते त्या आवाजावरून ओळखत होत्या, आणि मी त्याला थोर विचार समजत होते! "रघूला सांगू नका. तो रविवार बंद करंल. मेंढरांची शपथ हाय तुम्हाला." मी हो म्हणाले. संध्याकाळी रघुनाथ कामावरून आला, आणि मी त्याला सगळं सांगितलं.

साखरेनं डोळ्यांचे पडदे बिघडले होते. गेलेलं परत यायचं नाही, राहिलेलं टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि उपचारांनी ते टिकलंही. पण रविवार बंद झाला. मी दारात दिसले की भागाबाई पदर ओढून आत जायच्या. दोन महिने शब्द नाही. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, पण त्या दोन महिन्यांत मला गेमकडे बघवलं नाही हेही खरं. शेवटी मीच रघुनाथला म्हणाले की मी त्यांच्याबरोबर जाते. रविवारी छत्री घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी माझ्या पावलांवरून मला ओळखलं आणि चप्पल पायात सरकवली. "चला. पर वाटंत उपदेश नको."

त्यानंतरची चार वर्षं आम्ही दर रविवारी गेलो. कडुनिंबाखाली बसून त्या खेळायच्या, मेंढ्या आसपास चरायच्या. मलाही शिकवायच्या. "डोळे मिटा, बाई. लई बघता तुम्ही." मिटून मी सत्तरपर्यंत गेले, त्याचं त्यांनाच जास्त कौतुक. अर्धी नजर गेलेल्या या बाईनं मला ऐकायला शिकवलं आणि त्याबद्दल कधी तोरा मिरवला नाही. त्या शपथेचा विषयही पुन्हा कधी काढला नाही. मला माफ केलं का, हे विचारायचं फार मनात होतं. धीर झाला नाही, आणि मग त्या गेल्याच...

परवाच्या रविवारी एकटीच गेले. जावं की नाही, हेच ठरत नव्हतं. कडुनिंबाखाली एक नवी प्लास्टिकची खुर्ची होती. भागाबाईंचे भाऊ किसनराव म्हणाले, "बसा, तुमचीच हाय. मागल्या खेपंला तुम्ही पाय धुवाया गेलात तवा अक्का सांगून गेली. 'मी नसले तरी बाई येतील. त्यांना खाली बसवत नाय.'" मी बसले, गेम काढला आणि दुसऱ्याच्या दारात म्हणून सवयीनं आवाज बारीक केला. किसनराव पाण्याच्या हौदाकडं निघाले होते, ते तिथूनच ओरडले, "आवाज मोठा करा, बाई! बारीक करू देऊ नको म्हणलीय. 'एकदा बंद केला म्हणून माझे निम्मे डोळे राहिले. आता चालू राहू दे म्हणावं.'"

मी आवाज मोठा केला आणि डोळे मिटले. रडू आवरेना. तिन्ही चेंडू हुकले. मग पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली.